झेंडू का रुसतो?

दसऱ्याला दाराशी झेंडूचे तोरण नाही असे घर आपल्या डहाणू-तलासरीत शोधूनही सापडणार नाही. सीमेपलीकडे उंबरगावात याच फुलाला गलगोटा म्हणतात. मूळचे हे झाड मेक्सिकोकडचे. पण आता आपल्याला ते परके वाटत नाही.

आमच्या घरामागे आई दरवर्षी झेंडू लावते. दसऱ्याला स्टेशनबाहेर माळा विकून येणाऱ्या पैशांत माझी परीक्षेची फी भागते. गेल्या वर्षी मात्र रोपे कमरेएवढी वाढली, पण दसऱ्यापर्यंत फूल म्हणाल तर नावाला. कुणी म्हणाले दृष्ट लागली, कुणी म्हणाले बी खोटे. एकाने युरिया घालायला सांगितला. तो घातल्यावर पाने आणखीच माजली. फी उसनवारीने भरावी लागली.

उत्तर सापडले ते भूगोलाच्या तासाला. डहाणू साधारण 20 अंश उत्तर अक्षांशावर आहे. जूनमध्ये भर दुपारचा सूर्य आपल्या जवळजवळ डोक्यावर, किंचित उत्तरेलाच असतो. जुलैच्या अखेरीपासून तो डोक्याच्या दक्षिणेला जातो. ऑक्टोबरच्या दहा-बारा तारखेला वीस फूट उंच झाडाची सावली भर दुपारीही दहा फूट उत्तरेकडे पडते. आमच्या वाफ्याच्या दक्षिणेला चिकूची दाट वाडी! लागवडीच्या वेळी उन्हात असलेली जागा कळ्या धरण्याच्या वेळी सावलीत गेली होती. झेंडूला रोज निदान सहा तास थेट ऊन लागते. मी दर तासाला वाफ्याकडे बघून वहीत टिपले, तर ते जेमतेम तीन तास भरले.

तेव्हा झेंडू रुसला तर आधी रोपाकडे नीट पाहावे. खोड बारीक, लांबुडके आणि उजेडाकडे झुकलेले असेल तर दोष सावलीचा. जागा भर उन्हात असून खोड जाड, पाने गर्द हिरवी व कळ्या नाहीत, तर दोष जादा नत्राचा, म्हणजेच युरियाचा. तो थांबवावा व कुजलेले शेणखत बेताने द्यावे. माती ओली असूनही रोप माना टाकते, पाने पिवळी पडतात, उपटल्यावर मुळे तपकिरी व कुजकट दिसतात, तर दोष साचलेल्या पाण्याचा. आपल्याकडच्या पावसात सपाट वाफा चालत नाही. वीतभर उंच गादीवाफा करून बाजूने चर काढावा. किनाऱ्याजवळ विहिरीचे पाणी खारट असेल तर पानांच्या कडा करपतात. तेथे पाणी बदलणे हाच उपाय.

रोपे फार जवळ लावली तरी ती एकमेकांवर सावली धरतात. दोन रोपांत हातभर अंतर ठेवावे. लावणीनंतर महिनाभराने शेंडा खुडावा, म्हणजे बाजूच्या फांद्या फुटून फुले वाढतात. मात्र शेंडा खुडल्याने पहिली फुले थोडी उशिरा येतात, हे ध्यानात ठेवूनच लावणीचा दिवस ठरवावा. संकरित झेंडूच्या फुलातले बी पुढच्या वर्षी तशीच फुले देत नाही, म्हणून त्याचे बी नवे घ्यावे. एवढे करूनही उलगडा झाला नाही, तर कोसबादच्या टेकडीवर कृषी विज्ञान केंद्र आहे. रोप मुळासकट घेऊन तेथे विचारावे.

यंदा आम्ही वाफा वाडीपासून दूर, उघड्या बांधाकडे हलवला. आईला आधी पटेना. पाणी लांबून आणावे लागणार होते. मी अंगणात काठी रोवून सावली कशी सरकते ते तिला दाखवले. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "तुझ्या पुस्तकात असलं पण असतं का गं?"

दसऱ्याला टोपल्या भरल्या. यंदाची फी फुलांच्याच पैशांतून भरली. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढले नव्हते. पुस्तकातला सूर्य आणि परसातला सूर्य एकच आहे, हे आम्हां दोघींना झेंडूने शिकवले.