गांवचें धरण आणि त्याची राखण

नळाची तोटी फिरविली कीं पाणी येतें, एवढें ज्ञान आपल्यापैकीं सर्वांस आहे. तें पाणी रात्रभर कोठें उभें असतें, त्यास कोणीं अडवून धरिलें आहे, आणि अडविणारा किती थकला आहे, याची विचारपूस मात्र क्वचितच होते. भाक्रा, कोयना, जायकवाडी यांचीं चित्रें भूगोलाच्या पुस्तकांत असतात. परंतु एखाद्या ओढ्यावर मातीचा बांध घालून दोनतीन वाड्यांस पाणी पुरविणारें जें लहानसें धरण, त्याचें चित्र कोणी काढीत नाहीं. प्रस्तुत लेखांत अशाच धरणाविषयीं लिहावयाचें योजिलें आहे. कारण आपल्या वाचकांपैकीं पुष्कळांचीं घरें अशाच एखाद्या बांधाच्या खालच्या अंगास आहेत.

प्रथम पाण्याच्या भाराचा विचार करूं. एक घनमीटर पाण्याचें वजन एक हजार किलोग्रॅम, म्हणजे एक टन. पाण्याखालीं दहा मीटर खोल असलेल्या प्रत्येक चौरस मीटरवर दहा टनांचा दाब पडतो. येथें विद्यार्थी एक चूक हटकून करितात. तलाव जितका लांबरुंद तितका धरणावर दाब अधिक, असें त्यांस वाटतें. वस्तुतः हा दाब केवळ खोलीवर अवलंबून असतो. धरणामागें पाणी दोनशें पावलें पसरलेलें असो कीं दोन कोस, भिंतीस सारखाच जोर सोसावा लागतो. मग लहान तलाव व मोठा तलाव यांत भेद तो काय? भेद आहे तो धरण फुटल्यानंतरचा. लहान तलाव घटकाभरांत रिता होतो. पण ज्या वाडीवरून ती घटका जाते, त्या वाडीस हें समाधान पुरेसें नाहीं.

मातीचें धरण म्हणजे नुसता मातीचा ढीग नव्हे. त्याच्या मधोमध चिकण काळ्या मातीचा गाभा असतो, व तो खंदक खणून जमिनीखालच्या कठीण थरापर्यंत नेलेला असतो. गाभ्याच्या दोहों अंगांस मुरमाचें आवरण, पाण्याच्या बाजूस लाटांपासून रक्षण करणारें दगडांचें अस्तर, आणि कोरड्या बाजूच्या पायथ्याशीं वाळू व खडी यांची गाळणी. पाणी अडवावयाचें असतां गाळणी कशास, असें कोणी विचारील. उत्तर असें कीं, पाणी झिरपणारच. मुळींच न झिरपणारें मातीचें धरण आजवर कोणीं बांधिलेलें नाहीं. तेव्हां झिरपणाऱ्या पाण्यानें मातीचा कण बरोबर न घेतां, ठरलेल्या वाटेनें बाहेर यावें, अशी योजना करावी लागते. पाण्यास वाट आणि मातीस मज्जाव, हें गाळणीचें काम.

म्हणून पायथ्याशीं ओल दिसतांच घाबरून जाण्याचें कारण नाहीं. आणि ओल नेहमींचीच आहे म्हणून स्वस्थ बसणेंही बरें नव्हे. येणारें पाणी कांचेच्या पेल्यांत घ्यावें व थोडा वेळ ठेवून पाहावें. पाणी नितळ राहिलें, तर धरणास घाम येत आहे एवढेंच समजावें. तळाशीं गाळ बसला, तर धरणाच्या पोटांतील माती बाहेर येऊं लागली आहे. ही झीज कोरड्या बाजूस आरंभ पावते आणि पाण्याच्या दिशेनें मागें मागें सरकते. पोखरलेली नळी जितकी लांबते, तितकी उरलेली वाट आखूड होते. वाट आखूड झाली कीं पाण्याचा वेग वाढतो, आणि वेग वाढला कीं माती अधिक वाहते. सावकाराच्या व्याजासारखें हें प्रकरण आहे. पुष्कळ दिवस कांहींच दिसत नाहीं, आणि मग एका रात्रींत सर्वस्व जातें.

झिरप्याचें मोजमापही अवघड नाहीं. पायथ्याच्या चरांत एक फळी आडवी बसवून तींत काटकोनाची खांच कापावी, व खांचेंतून पडणाऱ्या पाण्याची उंची पट्टीनें मोजावी. मात्र उंची दुप्पट झाली म्हणजे पाणीही दुप्पट झालें, असें समजूं नये. अशा खांचेंत तें साडेपांच पटींहूनही अधिक होतें. त्याच वहींत तलावाची पातळी व त्या दिवसाचा पाऊस लिहावा, नाहींतर पावसाचें पाणी झिरप्याच्या नांवें पडेल. पातळी तीच, पाऊस नाहीं, आणि खांचेंतील पाणी मात्र चढत आहे, असें आढळलें तर त्याच दिवशीं वर कळवावें.

रत्नागिरी जिल्ह्यांत चिपळूण तालुक्यांतील तिवरे येथील मातीचें धरण २ जुलै २०१९ च्या रात्रीं फुटलें. भेंदवाडींतील घरें वाहून गेलीं व सुमारें वीस माणसें प्राणांस मुकलीं. धरण गळत असल्याची तक्रार गांवकऱ्यांनीं आधींच केली होती, असें त्या वेळीं वर्तमानपत्रांत प्रसिद्ध झालें. तेव्हांच्या एका मंत्र्यांनीं दोष खेंकड्यांवर ठेविला, आणि महाराष्ट्रभर लोक हंसले. खेंकड्यांची वकिली करण्याची मला हौस नाहीं. खेंकडा, उंदीर व घोरपड बांध पोखरतात, हें कोणताही शेतकरी सांगेल. परंतु खेंकडा कांहीं एका रात्रींत धरण फोडीत नाहीं. बीळ पडल्यापासून भराव खचेपर्यंत मध्यें दिवस जातात. त्या दिवसांत बांधावरून कोण फिरलें, त्यानें काय पाहिलें, व ऐकणारानें काय केलें, हें खेंकड्यास विचारून कळणार नाहीं.

मातीच्या धरणाची दुसरी नाजूक जागा म्हणजे त्याच्या पोटाखालून जाणारी मोरी. माती काळेंकरून दाबून बसते. दगडी मोरी किंवा लोखंडी नळ तसा बसत नाहीं. दोहोंच्या सांध्यांत फट पडली कीं पाण्यास आयतीच वाट मिळते. पानशेतचें धरण १९६१ सालीं काम पुरतें आटोपण्यापूर्वींच पावसानें भरलें. मोरीच्या बांधकामास इजा पोंचून तिच्यावरील भराव खचूं लागला. लष्कराच्या जवानांनीं रात्रभर वाळूचीं पोतीं रचून कांहीं तास मिळविले. १२ जुलैच्या सकाळीं धरण फुटलें. त्या लोंढ्यानें त्याच दिवशीं खडकवासल्याच्या जुन्या दगडी धरणासही खिंडार पाडिलें. ज्या पुण्यांत पुराचें पाणी शिरलें, त्याच पुण्यास प्यावयाचें पाणी उरलें नाहीं.

याहून जुना दाखला इंग्लंडांतील शेफील्ड शहराचा. शहराच्या पाण्यासाठीं ब्रॅडफील्ड खेड्याच्या वर डेल डाइक नांवाचें ९५ फूट उंचीचें मातीचें धरण बांधिलें होतें, व १८६४ च्या मार्चांत तें प्रथमच भरत आलें होतें. ११ मार्चच्या संध्याकाळीं, वारा सुटला असतां, बांधावरून जाणाऱ्या एका मजुरास कोरड्या उतारावर बारीक भेग दिसली. इंजिनियर शहरांत राहत असत. निरोप जाऊन ते येईपर्यंत रात्र पडली. झडपा उघडल्या होत्या, पण नळांतून जाणारें पाणी त्या तलावाच्या मानानें कांहींच नव्हे. सांडवा सुरुंगानें उडवून पातळी उतरविण्याचा प्रयत्न फसला. साडेअकराच्या सुमारास धरण फुटलें, आणि दरींतील निदान २४० माणसें बुडून मेलीं. भेग प्रथम दिसली ती एका मजुरास, हें मला विशेष वाटतें. तलाव रिता करावयास किती दिवस लागतात, याचाही हिशेब त्या रात्रीं करून उपयोग नव्हता.

सांडव्याविषयीं थोडें लिहितों. दगडी धरणाच्या माथ्यावरून पाणी गेलें तर तें कदाचित् टिकेल. मातीचें टिकत नाहीं. अमेरिकेंत पेनसिल्व्हेनिया प्रांतांतील साउथ फोर्क धरणाच्या सांडव्यावर, तलावांतील मासे निसटूं नयेत म्हणून, मालक मंडळीनें जाळ्या बसविल्या होत्या. ३१ मे १८८९ च्या अतिवृष्टींत पाणी माथ्यावरून गेलें, धरण वाहून गेलें व जॉन्सटाउन गांवांत आणि आसपास २,२०९ माणसें दगावलीं. आपल्याकडे माशांची चिंता नसते, उन्हाळ्याची असते. सांडव्याच्या तोंडीं फळ्या व पोतीं लावून हातभर पाणी अधिक सांठविण्याचा मोह गांवास होतो. पण माथा व पाणी यांमधील ती हातभर जागा पुरासाठीं आणि लाटांसाठीं राखून ठेविलेली असते; ती रिकामी दिसते म्हणून फुकट गेली असें नाहीं.

या बाबतींत कायदा कोठवर पोंचतो तें पाहूं. भारतांत धरण सुरक्षा कायदा २०२१ सालीं झाला. १५ मीटरांहून उंच सर्व धरणें त्याच्या कक्षेंत येतात. १० ते १५ मीटरांमधील धरणें लांबी, सांठा वगैरे कांहीं अटी जमल्या तरच येतात. त्याहून ठेंगणीं धरणें बाहेरच राहतात. ब्रिटनमध्यें १९२५ सालीं वेल्समधील डॉलगॅरॉग गांवावर धरणाचें पाणी कोसळून १६ माणसें मेलीं, तेव्हां १९३० सालीं कायदा झाला. इंग्लंडांत आज मोजमाप उंचीचें नसून सांठ्याचें आहे. जमिनीच्या पातळीवर २५,००० घनमीटरांहून अधिक पाणी अडविणारा तलाव कायद्याखालीं येतो. मला हें माप अधिक न्यायाचें वाटतें, कारण खालचें घर बुडतें तें पाण्यानें.

आतां खरी अडचण. बांधांतून गढूळ पाणी येऊं लागलें तर पहिला उपाय एकच, तलावाची पातळी उतरविणें. परंतु ऑक्टोबरांत सोडून दिलेलें पाणी एप्रिलांत टँकरनें आणावें लागतें, आणि हंडा डोक्यावर घेणाऱ्या बायकांस हें इंजिनियरापेक्षां अधिक ठाऊक असतें. सरपंचास दोहोंकडून बोल लागतो. माझ्या मतें जुलै-ऑगस्टांत दिसलेला दोष पुढें ढकलणें ही सर्वांत महाग काटकसर होय. त्या दिवसांत सोडलेलें पाणी पुन्हा भरून येण्याची आशा तरी असते. पाऊस संपल्यावर दोष दिसला, तर पाणी गळतीच्या जागेखालीं येईपर्यंत उतरवून उरलेलें राखतां येईल कीं काय, हें जाणत्या इंजिनियरास जागेवर आणून ठरवावें.

आणि मे महिना हा पाहणीचा. तलाव आटलेला असतो, अस्तराचे निखळलेले दगड व मोरीचें तोंड उघडें दिसतें. भरावावर झुडपें उगवलीं असल्यास लहान असतांच काढावीं. मोठें झाड तोडलें तर त्याचीं मुळें आंत कुजून पाण्यास भोंक ठेवितात. माथा मधोमध खचला आहे कीं काय, हें गवंड्याच्या पाणी भरलेल्या रबरी नळीनें चार मुलेंही पाहूं शकतील. धरणाच्या टोंकाशीं उघड्या खडकावर एक खूण कोरावी, तिच्यापासून माथ्याची पातळी दर वीस पावलांवर घ्यावी, आणि आंकडे तारखेसह वहींत लिहून ठेवावे; पुढच्या मे महिन्यांत त्याच खुणेपासून पुन्हा मोजतां येतें.