साळिंदराची भिंत

दिवाळीच्या आठवडाभर आधी, आपल्या पंचांगानुसार आश्विन वद्य अष्टमीला, गाझियाबाद-मेरठ पट्ट्यातल्या बायका घरातल्या भिंतीवर एक बाई काढतात. तिचं नाव अहोई. दिवसभराचा उपास, वाटीत कालवलेला गेरू आणि सारवून कोरा केलेला भिंतीचा तुकडा, एवढ्यावर काम होतं. अहोईचं अंग म्हणजे एक मोठा चौकोन. त्यात आडव्याउभ्या रेघांची जाळी, तिच्या घरांत ठिपके, कधी बारकी माणसं. वर सूर्य, चंद्र आणि तारे, कारण उपास तारा दिसल्यावरच सुटायचा असतो. पायाशी मात्र एक वेगळंच जनावर असतं: साळिंदराची मादी आणि तिची पिल्लं. तिकडच्या बोलीत तिला सेह किंवा स्याहू म्हणतात. सिंह, हत्ती, मोर अशा देखण्या प्राण्यांना बाजूला सारून बायकांनी भिंतीवर जागा दिली ती काट्यांच्या या निशाचराला.

यामागे एक कथा आहे. तिचे अनेक पाठ आहेत, त्यातला सर्वांत जास्त सांगितला जाणारा असा: सात मुलगे असलेल्या सावकाराची बायको दिवाळीआधी घर लिंपायला माती आणायला रानात गेली. कुदळ नेमकी साळिंदराच्या बिळावर पडली आणि पिल्लू मेलं. वर्षभरात तिचे सातही मुलगे एकापाठोपाठ गेले. शेजारणींनी सांगितलं, त्या साळिंदराचं आणि पिल्लाचं चित्र काढ, पूज, क्षमा माग. तिने तसं केलं आणि मुलगे परत मिळाले. व्रतकथांत चूक, शाप आणि उःशाप हा क्रम ठरलेलाच असतो. पण इथे चूक घडते ती भिंतीसाठी माती खणताना, आणि तिची भरपाईही भिंतीवरच होते. घर नीटनेटकं करण्याच्या नादात आपण कुणाचं तरी बीळ उकरतो, ही जाण गाझियाबादसारख्या शहराला किती लागू पडते, हे कुठल्याही नव्या टॉवरच्या पायाच्या खड्ड्याकडे पाहिलं की समजतं.

आपल्याकडे याच पंधरवड्यात, अहोईनंतर चार दिवसांनी, वसुबारस येते. तीही मुलाबाळांसाठीच. पण तिथे गाय-वासरू समोर उभं असतं किंवा पाटावर मांडलेलं असतं. अहोईचं वैशिष्ट्य भिंतीचं आहे. परिसरातला प्राणी, घरची गोष्ट आणि गेरूसारखा मातीचा रंग एकत्र आणून दरवर्षी नव्याने भिंत रंगवायची, ही रीत तिथे कुठलाही चित्रकार, समिती किंवा प्रायोजक यायच्या आधीपासून आहे. आता फ्लॅटच्या प्लास्टिक पेंटवर गेरू उतरवायला कुणी धजत नाही. बाजारात छापील अहोई मिळते, ती टेपने चिकटवतात. छापील चित्रात देवीचा चेहरा गोरा आणि गोंडस झाला आहे, आणि साळिंदर बरेचदा उंदरासारखं दिसतं.

अहोईच्या आधी नवरात्रात सांझी येते. पश्चिम उत्तर प्रदेशात आणि हरियाणात मुली मातीच्या चांदण्या, चकत्या, हातपाय करून वाळवतात, चुन्याने-गेरूने रंगवतात आणि शेणाने भिंतीवर चिकटवून देवी उभी करतात. रोज संध्याकाळी तिची आरती आणि गाणी. दसऱ्याला तिला भिंतीवरून उतरवून भोकं पाडलेल्या मडक्यात दिव्यासकट जोहडावर, म्हणजे गावतळ्यावर, नेतात. पोरं काठ्या घेऊन ते मडकं फोडायला टपलेली असतात. विदर्भ-खानदेशात भुलाबाईची गाणी ऐकत वाढलेल्या माणसाला हे सगळं ओळखीचं वाटेल. माळव्यातल्या मराठी घरांना तर पितृपक्षात शेणाने भिंतीवर काढली जाणारी संजा आणि तिचा शेवटच्या दिवशीचा किलाकोट ठाऊकच असतो. दहा दिवस भिंतीवर राहायचं आणि मग पाण्यात जायचं, एवढंच सांझीचं आयुष्य. ते टिकवावं असं कुणाला वाटत नाही, कारण पुढच्या वर्षी मुली पुन्हा करणारच असतात.

वारली चौकाचं गणितही असंच होतं. डहाणू-तलासरीकडच्या पाड्यांवर लग्नाआधी सवासिनी शेणामातीने सारवलेल्या, गेरूने लाल केलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने, बांबूची काडी ठेचून केलेल्या कुंचल्याने देवचौक काढत. मध्ये पालघट देवी, भोवती झाडं, माणसं, जनावरं, नाच. धवलेरी, म्हणजे लग्नविधी चालवणारी बाई, गाणी म्हणे आणि विधी पुढे नेई. कुणी काढायचं, कधी काढायचं, मध्ये कोण बसणार हे ठरलेलं होतं. पुढे १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला हस्तकला मंडळाच्या वतीने भास्कर कुलकर्णी त्या भागात गेले आणि त्यांनी कागद पुढे केला. बायका बिचकल्या. जिव्या सोमा म्हसे यांनी मात्र कागद घेतला आणि चौकाबाहेरचं सगळं रान, नदी, मासेमारी त्यावर उतरवली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. आज वारली माणसं देशभरातल्या कुंपणांवर, चहाच्या कपांवर, मेट्रोच्या भिंतींवर नाचताना दिसतात. म्हसे यांच्या प्रतिभेबद्दल शंका नाही. पण दिल्लीच्या उपनगरातल्या शाळेच्या कुंपणावर काढलेला तारपानाच पाहिला की प्रश्न पडतो: इथे तारपा कुणी वाजवतं का? वारली चित्र लोकप्रिय झालं ते त्याचे आकार सोपे म्हणून. ज्या परिसरातून ते आलं तो परिसर मात्र मागेच राहिला.

शहरांतल्या सार्वजनिक भिंती रंगवण्याची लाट आपल्याकडे तशी ताजी आहे. २००९ मध्ये मुंबईत तुळशी पाइप रोडवरच्या, म्हणजे सेनापती बापट मार्गावरच्या, रेल्वेच्या लांबलचक भिंतीवर शेकडो हौशी माणसांनी रंग हातात घेतले. चित्रं बरीवाईट होती, पण भिंतीला लोकांचा हात लागला होता. २०१५-१६ पासून दिल्लीच्या लोधी कॉलनीत स्टार्ट इंडिया फाउंडेशनने देशोदेशीचे चित्रकार आणून सरकारी वसाहतीच्या उंच भिंती रंगवून घेतल्या. तिथली कारागिरी अव्वल आहे आणि आज लोक ती बघायला म्हणून जातात. त्यानंतर स्वच्छ सर्वेक्षणाच्या गुणांची शर्यत लागली आणि एनसीआरमधल्या, म्हणजे दिल्ली आणि तिच्या भोवतालच्या शहरांतल्या, उड्डाणपुलांच्या खांबांवर चित्रं उगवली: उडणारे पोपट, कमळं, योगासनं, झाड लावणारे दोन हात. नागपुरात, नोएडात, भोपाळमध्ये तीच. चित्राखाली प्रायोजकाचं बोधचिन्ह मात्र न चुकता असतं.

गाझियाबादला भिंतींची कमतरता नाही. २० ऑक्टोबर २०२३ रोजी साहिबाबाद ते दुहाई डेपो हा नमो भारत गाड्यांचा पहिला टप्पा सुरू झाला आणि शहरातून उन्नत मार्गाच्या खांबांची लांब रांग उभी राहिली. त्यांवर आणि बाकीच्या भिंतींवर काय काढायचं? पोपट-कमळांच्या आधी हाताशी असलेलं सामान पाहायला हवं.

सगळ्यात मोठं सामान नदी. हिंडन सहारनपूर जिल्ह्यात शिवालिकच्या पायथ्याशी उगम पावते, जवळपास ४०० किलोमीटर वाहते आणि गौतम बुद्ध नगर जिल्ह्यात यमुनेला मिळते. जुनं नाव हरनंदी. वाटेत काली आणि कृष्णी या उपनद्या तिच्यात साखर कारखान्यांचं, कागद गिरण्यांचं, डिस्टिलऱ्यांचं पाणी आणून ओततात. अशी नदी निळी रंगवणं म्हणजे पाहणाऱ्याला मूर्ख समजणं. काळी रंगवली तर रोज तिथून जाणारा माणूस वैतागेल. माझं मत असं की नदी पाण्याच्या रंगात दाखवूच नये. गेरूच्या सपाट पट्ट्यात, अहोईच्या जाळीसारख्या रेघांनी, तिच्या काठची वस्ती मांडत न्यावी. या काठी सांगण्यासारखं बरंच आहे. वरच्या अंगाला, मेरठ जिल्ह्यात, आलमगीरपूरला १९५८ मध्ये यज्ञदत्त शर्मा यांनी उत्खनन केलं आणि हडप्पा संस्कृतीची पूर्वेकडची वस्ती सापडली. तिथल्या एका मातीच्या भांड्यावर कापडाचा ठसा उमटलेला आहे. भित्तिचित्राच्या पार्श्वभूमीला याहून नेमकी वीण मिळणार नाही. पक्षी हवाच असेल तर उत्तर प्रदेशाचा राज्यपक्षी सारस आहे, आणि शेजारच्या जिल्ह्यात धनौरीच्या पाणथळीत तो अजून जोडीने दिसतो. फूल हवं तर राज्यपुष्प पळस आहे, ज्याला तिकडे ढाक म्हणतात. पोपटांना सुट्टी द्यायला हरकत नाही.

इतिहासाकडे वळलं की मामला नाजूक होतो, आणि मराठी वाचकाला अधिक रोचकही. गॅझेटियर सांगतं, १७४० मध्ये वजीर गाझीउद्दीनने हे नगर वसवलं, १२० खोल्यांची सराई बांधली आणि गावाला गाझीउद्दीननगर हे नाव दिलं. रेल्वे आल्यावर ते गाझियाबाद झालं. लोकप्रिय लिखाणात हा गाझीउद्दीन म्हणजे इमाद-उल-मुल्क असं सर्रास येतं. हा तोच वजीर, ज्याने मराठ्यांच्या बळावर दिल्लीत बादशहा बदलला आणि पुढे दुसऱ्या आलमगीराचा खून करवला. पण इमादचा जन्म १७३६ चा. चार वर्षांचं पोर सराया बांधत नसतं. १७४० ला शोभतो तो त्याचा बाप, निजाम-उल-मुल्काचा थोरला मुलगा गाझीउद्दीन फिरोजजंग. तो दख्खनच्या सुभ्यावर हक्क सांगायला मराठ्यांच्या पाठिंब्याने निघाला आणि ऑक्टोबर १७५२ मध्ये औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मेला. विषप्रयोग झाला असं मानलं जातं. त्याने पेशव्यांना कबूल केलेला मुलूख नंतर भालकीच्या तहाने मिळाला. हिंडनकाठच्या शहराचा संस्थापक गोदावरीच्या खोऱ्यात संपला, ही गोष्ट गाझियाबादच्या शाळांत कुणी सांगत असेल असं वाटत नाही.

पुढे ११ सप्टेंबर १८०३ रोजी हिंडन आणि यमुना यांच्या मधल्या पट्ट्यात, पटपडगंजजवळ, दौलतराव शिंद्यांच्या पलटणी लॉर्ड लेककडून हरल्या आणि दिल्ली इंग्रजांकडे गेली. त्या लढाईचा स्तंभ आज नोएडाच्या गोल्फ मैदानात उभा आहे. चोपन्न वर्षांनी, ३० मे १८५७ रोजी, खुद्द गाझीउद्दीननगरला हिंडनवरच्या लोखंडी झुलत्या पुलाशी मेरठहून आलेली आर्कडेल विल्सनची फौज आणि दिल्लीहून आलेल्या बंडवाल्या पलटणी भिडल्या. बंडवाल्यांच्या तोफा हातच्या जाऊ लागल्या तेव्हा ११व्या पलटणीतला एक शिपाई मागे थांबला आणि इंग्रज जवळ येताच त्याने दारूगोळ्याच्या गाड्यात बंदूक झाडली. तो स्वतः गेला, कॅप्टन अँड्र्यूज आणि काही गोरे सैनिक गेले. अँड्र्यूजचं नाव इतिहासांत छापलं आहे. शिपायाचं नाव कुठेच नाही.

भित्तिचित्राचा आराखडा करणाऱ्याची परीक्षा इथे होते. बहुतेक जण या शिपायाला पीळदार मिश्या, करडी नजर आणि मागे तिरंगा देतील. माझ्या मते त्याला चेहरा देऊच नये. जुन्या शहराच्या चार दरवाजांपैकी, दिल्ली, डासना, सिहानी आणि आता जवाहर गेट म्हणवणारा शाही दरवाजा, एखाद्याची कमान घ्यावी. तिच्यात गाडा आणि बंदूक असावी, आणि माणसाच्या जागी भिंतीचं कोरं प्लास्टर सोडावं. लोकांनी विचारलं, हे अर्धवट का ठेवलं, तर सांगायला गोष्ट आहेच.

आता भिंतीच्या व्यवहाराचं. ओल आणि क्षार फुटलेल्या प्लास्टरवर कितीही महागडं इमल्शन लावा, पहिल्या पावसाळ्यात पापुद्रे सुटतात. आधी गळती बंद करणं, प्लास्टर खरवडणं, नवा थर पूर्ण वाळू देणं, मग बाहेरच्या भिंतीचा प्रायमर. हे काम दिसत नाही म्हणून त्यासाठी पैसे धरले जात नाहीत. आराखडा मोठा करायला पूर्वी चौकटी आखत किंवा टाचणीने भोकं पाडलेल्या कागदावर कोळशाची पूड मारून खाका उतरवत. हल्ली भिंतीवर आधी वेड्यावाकड्या खुणा मारतात, तिचा फोटो काढतात, फोनवर त्या खुणांवर चित्र बसवतात आणि खुणांच्या आधाराने रेषा ओढतात. या पद्धतीने शेजारच्या शाळेतली मुलंही आपापला तुकडा बिनचूक उतरवू शकतात.

रंगांची निवड इथे हवाच करते. २०१९ च्या जागतिक हवा-अहवालात गाझियाबाद जगातलं सर्वांत प्रदूषित शहर ठरलं होतं. पीएम २.५ चं वार्षिक प्रमाण घनमीटरला ११०.२ मायक्रोग्रॅम, आणि जागतिक आरोग्य संघटनेची तेव्हाची मर्यादा होती १०. अशा हवेत पांढरा रंग हिवाळा संपेपर्यंत राखाडी होतो. भडक सेंद्रिय लाल-पिवळे उन्हात उडतात. गेरू, पिवडी असे लोहाचे मातकट रंग मात्र उडत नाहीत. धूळ बसली तरी ते मळके दिसत नाहीत, कारण ते मुळातच धुळीच्या जातीचे. तेव्हा अहोईचा गेरू घ्यायला परंपरेची भक्ती असायलाच हवी असं नाही.

कामाला वेळ मिळतो तो थोडा. पाऊस ओसरून भिंत वाळते नवरात्राच्या सुमारास, आणि दिवाळी सरली की धुराचं आणि धुक्याचं पांघरूण पडतं. त्यानंतरच्या थंडीत इमल्शन नीट धरत नाही. म्हणजे हाती येतात ते दसरा ते दिवाळीचे वीसेक दिवस, जेव्हा गल्लीतल्या बायका सांझी उतरवून अहोईच्या तयारीला लागलेल्या असतात. त्यांना भिंतीपाशी आणायचं तर आराखडा श्रावणातच त्यांच्यासमोर ठेवायला हवा. साळिंदर कसं काढायचं हे त्यांना विचारायला हवं, आणि महापालिकेच्या अंदाजपत्रकात पहिल्या चित्राच्या खर्चाखाली दुसरी ओळही हवी: दर तीन वर्षांनी भिंत पुन्हा सारवून नवं चित्र काढण्याची. पहिल्या चित्राची प्रशस्ती छापून झाल्यावर ही दुसरी ओळ सहसा कुणी मंजूर करत नाही.