डिझेलचा काळा धूर गेला कुठे?



हळदीचा हंगाम आला की हिंगोलीच्या आणि वसमतच्या मोंढ्याबाहेर वाहनांची रांग लागते. ट्रॅक्टर, टेम्पो, मालट्रक, मधूनच एखादी मोटार. त्या रांगेकडे जरा नीट पाहा. जुना ट्रक पुढे सरकताना भक्कन काळा धूर सोडतो. त्याच्या शेजारची नवी डिझेल मोटारही चालूच असते, पण तिच्या सायलेन्सरमधून काळे असे काही निघताना दिसत नाही. दोघांच्या टाकीत इंधन एकच. मग नव्या गाडीची काजळी गेली कुठे?

आधी काजळी होते कशी ते पाहू. डिझेल हे कार्बन आणि हायड्रोजन यांच्या संयुगांचे मिश्रण आहे. इंजिनात हवा जोराने दाबली जाते, त्यामुळे ती अतिशय तापते. या तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा उडवला की ते आपोआप पेट घेते. परंतु फवाऱ्याच्या आतल्या भागापर्यंत पुरेसा ऑक्सिजन वेळेत पोहोचत नाही. तेथील कार्बन अर्धवट जळून तसाच उरतो. दिव्याच्या ज्योतीवर ताटली धरून आजी काजळ धरते ना, तोच हा प्रकार!

आजीचे काजळ ताटलीवर राहते. इंजिनाची काजळी मात्र आपल्या छातीत जाते. तिचे कण साधारण एक दशांश मायक्रोमीटरचे असतात. माणसाचा केस ५० ते १०० मायक्रोमीटर जाड असतो. म्हणजे केसाच्या रुंदीवर असे पाचशे ते हजार कण ओळीने मावतील. इतके बारीक कण नाकातल्या केसांना दाद देत नाहीत, ते थेट फुफ्फुसातल्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलच्या धुराची गणना कर्करोगकारक पदार्थांत केली. मोंढ्यात दिवसभर पोती वाहणारे हमाल आणि बसस्थानकावर ताटकळणारे तुम्ही, या सर्वांशी या धुराचा संबंध आहे.

म्हणून कायदा कडक झाला. १ एप्रिल २०२० पासून देशभर ‘भारत स्टेज ६’ हे मानक लागू झाले. त्याआधी डिझेल मोटारीला दर किलोमीटरला २५ मिलिग्रॅम कण सोडण्याची मुभा होती, ती ४.५ मिलिग्रॅमवर आली. नुसते इंजिन सुधारून हे साधणे कठीण. म्हणून धुराच्या वाटेत गाळणी बसवावी लागली.

ही गाळणी मधाच्या पोळ्यासारखी असते. तिच्यात शेकडो बारीक नळ्या शेजारी शेजारी असतात. गंमत अशी, की एका नळीचे मागचे तोंड बंद, तर तिच्या शेजारणीचे पुढचे तोंड बंद. त्यामुळे आत शिरलेल्या वायूला मधल्या सच्छिद्र भिंतीतून झिरपूनच बाहेर पडावे लागते. वायू जातो, काजळी अडकते.

पण चहाची गाळणी झटकली नाही तर काय होते? तुंबते. येथेही तेच. धुराला वाट मिळेनाशी होते आणि इंजिनाचा दम कोंडतो. मग अडकलेली काजळी जागच्या जागी जाळून टाकावी लागते. अडचण अशी की, काजळी हवेत जळायला सुमारे ६०० अंश सेल्सिअस तापमान लागते आणि गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीचा धूर असतो जेमतेम २०० अंशांच्या आसपास! इंजिन थोडे जादा डिझेल जाळून धूर तापवू शकते. पण ६०० अंश म्हणजे फार झाले.

येथे रसायनशास्त्र मदतीला येते. ऑक्सिजन तयार करताना पोटॅशियम क्लोरेटमध्ये मँगनीज डायऑक्साइड घालतात, हे तुम्ही वाचले असेल. त्या उत्प्रेरकामुळे कमी तापमानाला काम होते. काजळीसाठी असा उत्प्रेरक म्हणजे सेरियम हा धातू. जुन्या पेट्रोमॅक्स बत्तीच्या जाळीदार मँटलमध्येही थोडे सेरियम ऑक्साइड असे. हे ऑक्साइड आपल्याजवळचा ऑक्सिजन काजळीला उसना देते आणि वाहत्या वायूतून तो पुन्हा भरून घेते. या उसनवारीमुळे काजळी सुमारे ४५० अंशांनाच पेटते.

फ्रान्समधील प्यूजो कंपनीने २००० साली आपल्या ‘६०७’ या मोटारीत हीच युक्ती वापरली. सेरियमचे संयुग असलेला द्रव एका वेगळ्या छोट्या टाकीत ठेवला. गाडीत डिझेल भरले की, किती भरले ते संगणक मोजतो आणि त्या प्रमाणात द्रवाचे थोडेसे माप डिझेलमध्ये सोडतो. सुरुवातीच्या गाड्यांत असा पाच लिटर द्रव सुमारे ८०,००० किलोमीटर पुरे. गाडी लिटरला १६ किलोमीटर जाते असे धरा. एवढ्या प्रवासाला ५,००० लिटर डिझेल लागेल. म्हणजे एका लिटर डिझेलमागे द्रव अवघा एक मिलिलिटर!

आता तुमच्यापैकी एखादा चौकस विद्यार्थी विचारील, “उत्प्रेरक तर खर्च होत नाही ना? मग तो पुन्हा का भरायचा?” प्रश्न रास्त आहे. सेरियम नष्ट होत नाही, हे खरेच. पण ते काजळीच्या प्रत्येक नव्या कणात मिसळलेले असावे लागते. काजळी जळून गेली की ते राखेच्या रूपाने गाळणीतच पडून राहते. नंतरच्या कणांच्या पोटात ते शिरणार कसे? म्हणून नवा द्रव हवा. ही राख काही जळत नाही. त्यामुळे पुष्कळ प्रवासानंतर गाळणी साफ करावी किंवा बदलावी लागते.

द्रव संपत आला की चालकापुढे सूचनेचा दिवा लागतो. तो भरण्याचे काम जाणत्या मेकॅनिकचे. द्रव ज्वालाग्राही असतो. हातमोजे आणि चष्मा लागतोच. शिवाय टाकी भरल्याचे संगणकालाही सांगावे लागते, नाहीतर त्याचा हिशेब जुनाच राहतो.

आपल्याकडच्या बहुतेक नव्या डिझेल मोटारींत मात्र हा द्रव नसतो. त्यांच्या गाळणीवर प्लॅटिनमसारख्या धातूचा उत्प्रेरक लेप असतो. मग निळ्या झाकणाच्या टाकीत भरतात ते काय? तो वेगळाच द्रव, ‘डीईएफ’. त्यात ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि बाकी शुद्ध पाणी असते. तो डिझेलमध्ये नव्हे, थेट धुरात फवारला जातो. त्याचे काम नायट्रोजनच्या विषारी ऑक्साइडांचे नायट्रोजन आणि पाणी करण्याचे. काजळीशी त्याचा संबंध नाही.

हा फरक घरी जरूर सांगा. डीईएफ चुकून डिझेलच्या टाकीत गेला तर गाडी मुळीच सुरू करू नये, आधी टाकी रिकामी करून घ्यावी. आणि घरात युरियाचे पोते आहे म्हणून ते पाण्यात कालवून भरणे तर साफ चूक. शेतीच्या युरियावर निंबोळी तेलाचा लेप असतो, त्यात अशुद्ध द्रव्ये असतात; त्यांनी फवारा तुंबतो आणि उत्प्रेरक निकामी होतो. शिवाय अनुदानाचा युरिया पिकासाठी आहे, मोटारीसाठी नव्हे.

आणखी एक गोष्ट. जी गाडी सदैव हिंगोली शहरातच घर ते बाजार फिरते, तिची गाळणी लवकर तुंबते. तिला अधूनमधून कळमनुरी, वारंगा फाटा करीत नांदेडच्या रस्त्याला एका वेगाने चालवली की धूर तापतो, काजळी जळते. मात्र अशा वेळी गाडी वाळल्या गवतावर किंवा सोयाबीनच्या भुसकटावर उभी करू नका. तापलेल्या गाळणीने आग लागू शकते.

हे ज्वलन स्वतः पाहायचे आहे? गुरुजींच्या देखरेखीखाली चिनी मातीचा एक कोरडा तुकडा चिमट्यात धरा. मेणबत्तीच्या पिवळ्या ज्योतीत तो काळा करा. मग तोच तुकडा प्रयोगशाळेतील बर्नरच्या निळ्या ज्योतीत धरा. काळा डाग हळूहळू नाहीसा होईल. तो कार्बन कोणत्या वायूच्या रूपाने गेला? आणि तो वायू गाळणीत का अडकत नाही? विचार करा आणि वर्गात चर्चा करा!