जोडीदाराच्या पश्चात : कोणता लाभ केव्हा घ्यावा?

तेरावा होतो, पाहुणे परततात आणि मग कपाटातील फायली बाहेर निघतात. भविष्य निर्वाह निधीचे विवरणपत्र, विम्याची पॉलिसी, मुदत ठेवींच्या पावत्या, कोठेतरी जपून ठेवलेले नियुक्तिपत्र. मन थाऱ्यावर नसते. परंतु या काळात केलेल्या सह्या पुढील वीस-पंचवीस वर्षांचे उत्पन्न ठरवीत असतात. शाखेत येणाऱ्या अशा खातेदारांच्या बाबतीत दोन गोष्टी वारंवार आढळतात. जे तत्काळ मागावयास हवे ते मागितले जात नाही, आणि ज्याबाबत विचारास वेळ घ्यावयास हवा तेथे घाई होते.

यात परदेशस्थ नातलगांच्या सल्ल्याचीही भर पडते. अमेरिकेतील सामाजिक सुरक्षा योजनेत हयात जोडीदाराचा लाभ साधारणतः साठाव्या वर्षापासून, तर स्वतःच्या नोकरीचा लाभ ६२ व्या वर्षापासून घेता येतो. स्वतःचा लाभ जितका लांबवावा तितका सत्तरीपर्यंत वाढत जातो. तेथे दोन्ही लाभ एकाच वेळी पूर्णपणे मिळत नसल्यामुळे आधी एक व नंतर दुसरा, असा क्रम लावणे हिताचे ठरते. त्यामुळे तेथे स्थायिक झालेला मुलगा ‘आई, थांबलीस तर रक्कम वाढेल’ असे सांगतो, तेव्हा तो तेथील नियमाने बरोबरच सांगत असतो. आपल्याकडील गणित मात्र निराळे आहे. येथे मृत जोडीदाराच्या सेवेमुळे मिळणारे निवृत्तिवेतन आणि स्वतःच्या सेवेचे निवृत्तिवेतन हे दोन स्वतंत्र हक्क आहेत. एक घेतल्याने दुसरा जात नाही. म्हणून ‘यांपैकी कोणते?’ हा प्रश्नच येथे उद्भवत नाही. प्रश्न असतो तो प्रत्येकाच्या वेळेचा.

जेथे थांबून काहीच वाढत नाही

कुटुंब निवृत्तिवेतन निधनाच्या दुसऱ्या दिवसापासून देय होते. अर्ज वर्षभराने केला म्हणून त्याचा दर वाढत नाही. थकबाकी मिळते खरी, पण मधल्या काळात घर चालवावयाचे असते ते ठेवी मोडून. तेव्हा हा अर्ज सर्वांत आधी करावा.

खासगी क्षेत्रातील कर्मचाऱ्यांसाठी १६ नोव्हेंबर १९९५ पासून कर्मचारी निवृत्तिवेतन योजना लागू आहे. नोकरीत असताना सभासदाचे निधन झाले तर विधवेस अथवा विधुरास निवृत्तिवेतन मिळण्यासाठी दहा वर्षांच्या सेवेची अट नाही. एका महिन्याचे अंशदान पुरेसे असते. दोन अपत्यांना त्यांच्या वयाच्या २५ वर्षांपर्यंत, विधवा निवृत्तिवेतनाच्या २५ टक्के दराने प्रत्येकी वेगळी रक्कम मिळते. निवृत्त सभासदाचे निधन झाल्यास जोडीदाराला त्याच्या निवृत्तिवेतनाच्या निम्मी रक्कम मिळते. किमान रक्कम सप्टेंबर २०१४ पासून दरमहा १,००० रुपये आहे. ती तुटपुंजी आहे, हे येथे लपविण्याचे कारण नाही.

याच सुमारास भविष्य निर्वाह निधीची शिल्लक आणि ठेवसंलग्न विम्याची रक्कमही मागावी. हा विमा सभासद नोकरीत असताना वारल्यास लागू होतो व त्याची कमाल मर्यादा ७ लाख रुपये आहे. या विम्याची माहितीच नसल्याने तो मागावयाचा राहून गेला, असे अनेक घरांत घडते; वास्तविक निधनाच्या प्रकरणी भविष्य निर्वाह निधी, निवृत्तिवेतन व विमा या तिन्हींसाठी एकच एकत्रित अर्ज आहे. निधनानंतर तीन वर्षांत मागणी न केल्यास निधीचे खाते निष्क्रिय ठरते व व्याज थांबते, हेही लक्षात ठेवावे. उपदानासाठी, म्हणजे ग्रॅच्युइटीसाठी, मृत्यूच्या प्रकरणी पाच वर्षांच्या सलग सेवेची अट लावली जात नाही. मालकाने ‘सेवा अपुरी’ असे उत्तर दिल्यास ते मान्य करू नये.

केंद्र सरकारच्या सेवेत १ जानेवारी २००४ पूर्वी रुजू झालेल्यांच्या कुटुंबांनी आणखी एका तारखेची नोंद ठेवावयास हवी. सेवेत असताना निधन झाल्यास पहिली दहा वर्षे अखेरच्या वेतनाच्या ५० टक्के आणि त्यानंतर ३० टक्के दराने कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. समजा, अखेरचे वेतन ६०,००० रुपये होते. तर दहा वर्षे ३०,००० रुपये व पुढे १८,००० रुपये, अधिक त्या त्या वेळचा महागाई दिलासा. निवृत्तीनंतर निधन झाले असेल तर वाढीव दर सात वर्षे, अथवा मृत व्यक्तीस ६७ वर्षे पूर्ण झाली असती त्या दिनांकापर्यंत, यांपैकी जे आधी असेल तोपर्यंत राहतो. ही घट अचानक जाणवते. एखाद्या भगिनीची स्वतःची नोकरी संपण्याच्या सुमारासच ती आली तर दुहेरी फटका बसतो. म्हणून निवृत्तिवेतन आदेशावरील ती तारीख घरातील दिनदर्शिकेवर नव्हे, तर पुढील दहा वर्षांच्या नियोजनात लिहावयास हवी.

जेथे विचार करावयास हवा

खरा निर्णय असतो तो स्वतःच्या निवृत्तिवेतनाचा. किमान दहा वर्षे सेवा झालेल्या सभासदाला ५८ व्या वर्षी पूर्ण निवृत्तिवेतन मिळते. नोकरी सोडल्यास ते पन्नाशीनंतर केव्हाही घेता येते, परंतु ५८ ला जितकी वर्षे कमी, तितक्या वर्षांसाठी दरवर्षी ४ टक्के या दराने कायमची कपात होते. उलट, ५८ नंतर साठाव्या वर्षापर्यंत थांबल्यास त्याच दराने वाढ मिळते.

कपात हा शब्द ऐकताच बहुतेकजण थांबण्याचे ठरवितात. आकडे मांडून पाहिले तर चित्र वेगळे दिसते. समजा, वडोदऱ्यातील एका कंपनीत असलेल्या ५५ वर्षांच्या विधवेची नोकरी सुटली आहे व ५८ व्या वर्षी तिचे निवृत्तिवेतन ५,००० रुपये होणार आहे. आजच घेतल्यास ते सुमारे ४,४०० रुपये होईल. तीन वर्षे थांबल्यास ती सुमारे १,५८,००० रुपयांवर पाणी सोडते आणि पुढे दरमहा सुमारे ६०० रुपये अधिक मिळविते. ही तूट भरून येण्यास जवळजवळ २२ वर्षे लागतात. म्हणजे तोवर ती ऐंशीची झालेली असेल. व्याज धरले तर कालावधी आणखी लांबतो. ५८ वरून ६० पर्यंत थांबण्याचा हिशेब याहून फिका आहे: सोडलेले १,२०,००० रुपये सुमारे ४०० रुपयांच्या मासिक वाढीतून भरून निघण्यास २५ वर्षे. अंशदान चालू ठेवून लांबविल्यास सेवाकालही वाढतो व हिशेब थोडा सुधारतो, इतकेच.

येथे वैधव्याचा एक वेगळा विचार करावा लागतो. पती हयात असता तर पत्नीच्या मोठ्या निवृत्तिवेतनाचा निम्मा भाग पुढे त्याला मिळाला असता. तो आता नाही. पंचवीस वर्षांखालील किंवा दिव्यांग अपत्य नसेल तर थांबून वाढविलेली रक्कम सहसा तिच्याबरोबरच संपते. त्यातच या योजनेत महागाई दिलासा नाही. आजचे ४,४०० रुपये वीस वर्षांनीही तितकेच राहतात. तेव्हा नोकरी सुटलेल्या व पैशांची गरज असलेल्या स्त्रीने मुदतपूर्व निवृत्तिवेतन घेतले तर ती चूक समजू नये.

मात्र निवृत्तिवेतन मिळेल म्हणून असलेली नोकरी सोडणे, ही गोष्ट अगदी निराळी. दुःखाच्या भरात ‘आता कोणासाठी धावपळ?’ असे म्हणून राजीनामा दिला जातो. त्याबरोबर वेतन जाते, निधीतील मालकाचा हिस्सा जातो, वाढणारे उपदान थांबते. ज्यांची सेवा नऊ वर्षांच्या आसपास आहे त्यांनी तर विशेष सावध राहावे. सहा महिने वा अधिक काळाचे वर्ष पूर्ण धरले जात असल्याने साडेनऊ वर्षांची सेवा दहा मानली जाते. त्याआधी राजीनामा देऊन संचित रक्कम काढून घेतल्यास आयुष्यभराचा हक्क काही हजारांत निकालात निघतो. नोकरी सोडणे भागच असेल तर रक्कम न काढता योजना प्रमाणपत्र घ्यावे. पुढे दुसरी नोकरी धरल्यास जुनी सेवा त्यात जोडली जाते.

एकरकमी पैशांबाबतही वेळ घ्यावा. राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणालीतील खासगी सभासदाच्या निधनानंतर नामनिर्देशित व्यक्तीस संपूर्ण रक्कम मिळू शकते; वार्षिकी घेणे ऐच्छिक असते. वार्षिकी एकदा घेतली की सहसा मागे फिरता येत नाही. सहा महिने ते वर्षभर ही रक्कम साध्या मुदत ठेवीत राहिली तर फारसे बिघडत नाही. शाखेतील सहकाऱ्यांनीही मृत्युदाव्याच्या कागदांबरोबरच नव्या विमा पॉलिसीचा अर्ज पुढे करू नये. उद्दिष्टपूर्तीसाठी इतर खातेदार आहेत.

दोन निवृत्तिवेतनांची करआकारणी वेगळी असते. स्वतःचे निवृत्तिवेतन ‘वेतन’ या शीर्षाखाली, तर कुटुंब निवृत्तिवेतन ‘इतर स्रोतांपासूनचे उत्पन्न’ म्हणून धरले जाते. त्यातून एक-तृतीयांश रक्कम अथवा १५,००० रुपये, यांपैकी कमी ती वजावट मिळते; नव्या करप्रणालीत ही मर्यादा आर्थिक वर्ष २०२४-२५ पासून २५,००० रुपये आहे. कुटुंब निवृत्तिवेतनावर वेतनाप्रमाणे उगमस्थानी कर कापला जात नसल्याने कर स्वतः भरावा लागतो, आणि नोटीस आल्यावर धावपळ होते.

बँकेच्या बाजूने काही गोष्टी सोप्या आहेत. सरकारी निवृत्तिवेतन पती-पत्नींच्या संयुक्त खात्यात जमा होत असेल व आदेशात जोडीदाराचे नाव असेल तर कुटुंब निवृत्तिवेतनासाठी नवे खाते उघडावे लागत नाही. निधनाची सूचना मात्र लगेच द्यावी. त्यानंतर जमा झालेले मूळ निवृत्तिवेतन परत करावेच लागते. पतीच्या नोकरीनिमित्त इंदूर, हैदराबाद वा कोलकाता येथे राहिलेल्या अनेक भगिनी नंतर माहेरच्या गावी किंवा मुलांकडे जातात. कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेचे केंद्रीकृत वितरण १ जानेवारी २०२५ पासून सुरू झाल्यामुळे त्यासाठी आदेश एका कार्यालयातून दुसरीकडे वर्ग करून घेण्याची गरज उरलेली नाही. हयातीचा दाखला दोन्ही निवृत्तिवेतनांसाठी स्वतंत्रपणे द्यावयाचा असतो. सरकारी निवृत्तिवेतनासाठी तो दर नोव्हेंबरात, तर कर्मचारी योजनेसाठी वर्षातून केव्हाही दिला तरी पुढील बारा महिने चालतो.