शौचालयाची वाहिनी तुंबण्यापूर्वी ओळखावयाची लक्षणे

महाराष्ट्रात २०००-०१ साली सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानामुळे व २ ऑक्टोबर २०१४ पासून देशभर सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियानामुळे खेड्यापाड्यांत घरोघरी शौचालये झाली. तथापि शौचालय बांधून झाले म्हणजे काम संपले, असे नव्हे. पिकास पाणी देणाऱ्या पाटाची जशी वरचेवर डागडुजी करावी लागते, तशीच जमिनीखालील मैलावाहिनीचीही निगा राखावी लागते. पाट फुटला तर तो तत्काळ दिसतो. वाहिनीचा बिघाड मात्र ती पुरती तुंबल्यावरच बहुधा ध्यानात येतो. वास्तविक वाहिनी एका दिवसात तुंबत नाही. ती काही आठवडे आधीपासून सूचना देत असते. ह्या सूचना वेळीच ओळखल्या तर घडीभराच्या कामात दोष दूर होतो. न ओळखल्यास अंगण, विहीर व कुटुंबाचे आरोग्य या तिहींची हानी होते.

वाहिनीची रचना

शौचालयाच्या भांड्याखाली वाकडा ट्रॅप असतो. त्यात नेहमी थोडे पाणी साचून राहते व ते खालची दुर्गंधी वर येऊ देत नाही. तेथून नळ चेंबरात येतो. चेंबरातून दोन फाटे दोन खड्ड्यांकडे जातात; त्यांपैकी एक चालू व दुसरा बंद ठेवावयाचा असतो. काही घरी खड्ड्यांऐवजी सेप्टिक टाकी असते व तिच्यातून बाहेर पडणारे पाणी शोषखड्ड्यात मुरते.

बिघाडाची लक्षणे

१. पाणी सावकाश उतरणे : सुस्थितीतील भांडे दोन लिटर पाण्याने स्वच्छ होते. त्याच कामास अर्धी बादली लागू लागली, किंवा पाणी वर चढून मग हळूहळू उतरू लागले, तर वाट अरुंद झाली असे समजावे.

२. गुडगुड आवाज व बुडबुडे : पुढे अडथळा असल्यास वाहिनीतील हवा कोंडते व ट्रॅपमधून वर येते. मोरीचे पाणी त्याच वाहिनीस जोडलेले असून ते सोडताच भांड्यात बुडबुडे आले, तर दोष भांड्यात नसून दोहोंच्या पुढील सामाईक नळात आहे, हे निश्चित.

३. दुर्गंधी : घर बरेच दिवस बंद असल्यास ट्रॅपमधील पाणी आटून दुर्गंधी येते. तांब्याभर पाणी ओतताच ती थांबली, तर चिंतेचे कारण नाही. पाणी ओतूनही ती येत राहिली, तर नळाचा सांधा सुटला असण्याचा संभव आहे.

४. जमिनीवरील खुणा : वैशाखात सारे अंगण करपलेले असता नळाच्या रेषेवर तेवढेच गवत हिरवेगार दिसणे, तेथील माती सतत ओलसर राहणे, जमीन खचणे किंवा घुशींनी बिळे करणे, ही गळतीची लक्षणे होत. काळ्या जमिनीत असे अधिक घडते. कारण ती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते व त्या हालचालीने सांधे निखळतात. वड, पिंपळ, उंबर यांची मुळेही ओलीच्या शोधात सांध्यांत शिरतात.

दोष कोठे आहे, हे कसे ठरवावे

चेंबरावरील झाकण काढावे व दुसऱ्या माणसास भांड्यात बादलीभर पाणी ओतावयास सांगावे. भांड्यात पाणी तुंबले व चेंबर कोरडे राहिले, तर अडथळा भांडे व चेंबर यांच्या दरम्यान आहे. बांबूच्या लवचिक कामटीने चेंबराच्या बाजूने तो सारता येतो. चेंबरच भरून राहिले, तर अडथळा पुढील फाट्यात आहे किंवा चालू खड्डा भरला आहे. खड्डा भरला असल्यास त्याचा फाटा बंद करून दुसरा उघडावा आणि ती तारीख शौचालयाच्या भिंतीवर लिहून ठेवावी. भरलेला खड्डा निदान दोन वर्षे बंद राहिल्यावरच उघडावा.

अतिवृष्टीच्या दिवसांत भूजल वर आल्याने खड्ड्यातील पाणी मुरत नाही व वाहिनी मंद होते. पाऊस ओसरताच ती पूर्ववत झाली, तर वाहिनी तुंबलेली नाही. परंतु खड्ड्यापर्यंत भूजल पोहोचते, ही गोष्ट विहिरीच्या दृष्टीने अधिक गंभीर समजावी.

विहिरीची काळजी

पिण्याच्या पाण्याची विहीर अथवा कूपनलिका खड्ड्यापासून निदान १० मीटर, म्हणजे सुमारे ३३ फूट, दूर असावी. वाहिनी गळत असल्यास हे अंतर खड्ड्यापासून नव्हे, तर गळतीच्या जागेपासून मोजले पाहिजे. दूषित पाणी दिसावयास स्वच्छ असू शकते. यास्तव गळती आढळताच पाण्याची तपासणी ग्रामपंचायतीमार्फत करून घ्यावी व निकाल हाती येईपर्यंत पाणी उकळून प्यावे.

खड्ड्यात वा टाकीत उतरू नये

खड्डा किंवा टाकी साफ करण्यासाठी कोणीही आत उतरू नये. आत विषारी वायू साचलेला असतो. तो अधिक प्रमाणात असल्यास नाकास वासही कळेनासा होतो व माणूस क्षणात कोसळतो. त्यास वाचवावयास उतरलेला दुसराही प्राणास मुकतो. झाकणाजवळ काडी, कंदील वा विडी पेटवू नये. संरक्षक साधनांवाचून माणसाकडून सेप्टिक टाकी साफ करवून घेणे २०१३ च्या केंद्रीय कायद्यान्वये गुन्हा असून, पहिल्या अपराधास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. टाकी दर दोन-तीन वर्षांनी मैला उपसणाऱ्या टँकरने रिकामी करून घ्यावी.

बिघाड टाळण्याचे उपाय

चिंध्या, केस, प्लॅस्टिकच्या पुड्या, राख व माती भांड्यात टाकू नये. मोरीचे व भांडी घासण्याचे पाणी दोन खड्ड्यांच्या शौचालयास न जोडता वेगळ्या शोषखड्ड्यात अथवा परसबागेत सोडावे. अॅसिड वा फिनेल भरमसाट ओतल्याने मैला कुजविणारे जीवाणू मरतात.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी दरवर्षी पावसाळ्यापूर्वी घरोघरी बादलीची ही चाचणी करून दाखवावी व भिंतीवरील तारखा तपासाव्या. वेळीच फाटा बदललेला व पुरी विश्रांती मिळालेला खड्डा शेतकऱ्यास कोरडे, वासरहित सोनखत देतो. निगा न राखलेल्या वाहिनीतून तोच मैला विहिरीत जातो.