पाणी निवळ, पण निर्दोष आहे का?

विहिरीचे पाणी आपण कसे पारखतो? तांब्या उजेडात धरतो. गाळ नाही, वास नाही, चव गोड. झाले, पाणी चांगले! पण आम्ही सांगतो, एवढ्याने भागत नाही.

काही खडकांत फ्लोराइड नावाचा क्षार असतो. तो हळूहळू पाण्यात उतरतो. तो दिसत नाही, त्याला वासही नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांत असे पाणी आढळले आहे.

एका लिटर पाण्यात १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालते. दुसरे पाणी नसेलच, तर दीडपर्यंत. त्याहून जास्त पोटात जात राहिले, की वाढत्या मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात. ते घासून जात नाहीत. पुष्कळ फ्लोराइड वर्षानुवर्षे पोटात गेले, तर सांधे आखडतात, पाठ वाकते. वाकलेली पाठ मग औषधाने सरळ होत नाही.

कोणी म्हणेल, “आम्ही पाणी उकळून पितो की!” उकळल्याने जंतू मरतात, हे खरे. क्षार मात्र जात नाही. खारट आमटी आटवली तर आणखीच खारट होते ना? तसेच हे.

मग करावे काय? ग्रामपंचायतीला सांगून विहिरीचे नि हापशीचे पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्यावे. दोष निघाला तर ते पाणी धुण्याभांड्याला वापरावे. पिण्याला नि स्वयंपाकाला दुसऱ्या, तपासलेल्या विहिरीचे आणावे. तुरटी नि चुना घालून फ्लोराइड काढण्याची रीत नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेने बसवली आहे. पण किती घालायचे ते जाणत्याला विचारूनच ठरवावे.

आज घरी गेल्यावर मुलांचे दात पाहा. डाग दिसले तर तपासणीला उशीर करू नका.