गुंठ्याचा सौदा आणि मंजुरीचा कागद

महाराष्ट्रातील कोणत्याही वाढत्या शहराच्या वेशीवर गेले, की एक दृश्य हमखास दिसते. शेतात चुन्याच्या रेघा आखलेल्या, कोपऱ्याला दगड पुरलेले आणि हप्त्याने गुंठा देण्याचे आश्वासन देणारा एक फलक उभा. ग्राहक म्हणून येतो तो शाळेतला शिक्षक, कचेरीतला कारकून किंवा कारखान्यातला कामगार. भविष्य निर्वाह निधीतून उचललेली रक्कम आणि पत्नीचे दागिने यांच्या बळावर तो एक गुंठा, म्हणजे १,०८९ चौरस फूट, जमीन घेतो. त्या जमिनीच्या रेखांकनाला नियोजन प्राधिकरणाची मंजुरी आहे काय, हा प्रश्न तो बहुधा विचारीत नाही. विचारलाच, तर ‘होऊन जाईल’ असे उत्तर मिळते.

कायद्याच्या दृष्टीने जमिनीचे विभाजन ही मालकाची खाजगी बाब नाही. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तुकडे पाडण्यास प्रतिबंध केला. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ याने तर ‘विकास’ या संज्ञेतच जमिनीच्या विभाजनाचा समावेश केला. त्यामुळे भूखंड पाडण्यापूर्वी परवानगी घेणे आवश्यक ठरते. अर्जासोबत सातबाराचा उतारा, मोजणीचा नकाशा आणि रेखांकनाचा आराखडा द्यावा लागतो. जमीन कोणत्या वापर-विभागात मोडते, पोचरस्ता आहे काय, अंतर्गत रस्ते पुरेसे रुंद आहेत काय, सांडपाणी व पावसाचे पाणी कोठे जाणार, हे नगररचना खाते तपासते. प्रथम तात्पुरती मंजुरी मिळते. रस्ते व गटारे प्रत्यक्ष झाल्यावर अंतिम मंजुरी आणि मग स्वतंत्र उतारे, असा हा क्रम आहे.

ही तपासणी म्हणजे निव्वळ लाल फीत होय, असा सार्वत्रिक समज आहे. तो कितपत खरा आहे हे एका साध्या हिशेबाने पाहता येईल. समजा, एका शेतकऱ्याची एक एकर, म्हणजे ४० गुंठे, जमीन आहे. डिसेंबर २०२० मध्ये राज्याच्या बहुतेक भागाला लागू झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार एवढ्या क्षेत्रात दहा टक्के, म्हणजे ४ गुंठे, मोकळी जागा ठेवावी लागते. रस्त्यांसाठी सुमारे १० गुंठे गेले असे धरले, तर विक्रीस २६ गुंठे उरतात. उलट, दोन गुंठ्यांचा चिंचोळा बोळ ठेवून मंजुरीविना भूखंड पाडले, तर ३८ गुंठे विकता येतात. शेतकऱ्याला एकूण रक्कम तेवढीच हवी असेल, तर मंजूर भूखंडाचा दर जवळजवळ दीडपट ठेवावा लागेल. गुंठेवारीच्या स्वस्ताईचे मोठे रहस्य हे आहे. त्या स्वस्ताईत रस्ता, मैदान आणि गटार यांची किंमत धरलेलीच नसते.

परंतु न धरलेली किंमत नाहीशी होत नाही. ती फक्त पुढे ढकलली जाते. दहा वर्षांनी तेथे वस्ती दाटते. अग्निशामक बंब आत वळत नाही, जलवाहिनीला जागा उरत नाही, पावसाळ्यात पाणी उंबऱ्याला लागते. रस्ता रुंद करायचा तर कोणाचे तरी घर पाडावे लागते. विकणारा तोवर पैसे घेऊन मोकळा झालेला असतो. खर्च येतो तो रहिवाशांवर आणि कर भरणाऱ्या उर्वरित शहरावर. शिवाय नावावर स्वतंत्र उतारा नसल्यामुळे घरासाठी बँकेचे कर्ज मिळणे दुरापास्त होते. आयुष्याची पुंजी घातलेली मालमत्ता तारण म्हणूनही निरुपयोगी ठरते.

शासनाने यावर उपाय केला तो नियमित करण्याचा. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने १ जानेवारी २००१ पर्यंतची बांधकामे शुल्क घेऊन नियमाधीन करण्याची सोय केली. २०२१ मध्ये ही मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढवण्यात आली. सांगली, नागपूर, छत्रपती संभाजीनगर यांसारख्या शहरांतील असंख्य कुटुंबांच्या दृष्टीने हा दिलासा आवश्यकच होता. राहत्या माणसाला उठवणे न्यायाचे झाले नसते. तथापि प्रत्येक मुदतवाढ पुढच्या विक्रेत्याला एक संदेश देते: आज नियम मोडा, उद्या तो बदलेल. प्रामाणिकपणे १४ गुंठे सोडणारा मालक यात मूर्ख ठरतो.

मग दोष केवळ विकणाऱ्याचा काय? तसे म्हणता येणार नाही. अर्जावर ६० दिवसांत निर्णय न झाल्यास, आराखडा नियमानुसार असेल तर, परवानगी मिळाली असे मानावे, अशी तरतूद १९६६ च्या अधिनियमात आहे. परंतु मानीव परवानगीच्या भरवशावर काम सुरू करण्याचे धाडस सामान्य मालक करीत नाही. त्रुटींची पत्रे एकदम न येता एकामागून एक येत राहिली, तर मुदतीला अर्थ राहत नाही. विलंब हाही एक कर आहे. तो सरकारी तिजोरीत जमा होत नाही, एवढाच फरक! मोठा बांधकाम व्यावसायिक हा कर सोसू शकतो. एक एकरवाला शेतकरी सोसू शकत नाही आणि गुंठेवारीच्या दलालाच्या हाती सापडतो.

येथे मुंबई इलाख्याच्याच जुन्या कायद्याची आठवण होते. १९१५ च्या नगररचना कायद्याने अनेक मालकांच्या जमिनी एकत्र आखून, प्रत्येकाकडून रस्त्यांसाठी थोडा हिस्सा घेऊन, उरलेला भूखंड सुबक आकारात परत देण्याची पद्धत आणली. अहमदाबादने ती सातत्याने वापरली. महाराष्ट्राने दीर्घकाळ तिच्याकडे पाठ फिरवली. वस्ती येण्याआधी रस्ता आखला जाणे हे तिचे मर्म आहे.

तेव्हा मार्ग दोन्ही बाजूंनी काढावा लागेल. सर्व त्रुटी एकाच पत्रात कळवण्याचे बंधन अधिकाऱ्यांवर हवे. मंजूर रेखांकनांची यादी नकाशासह प्रत्येक तलाठी कार्यालयात व ग्रामपंचायतीच्या फलकावर लागली पाहिजे. लहान भूखंडांना नियमांत सन्मानाची जागा मिळाली पाहिजे. कारण एका गुंठ्याची गरज खरी आहे. ती कायदेशीर बाजारात भागली नाही, तर बेकायदा बाजारात भागते. आणि विकत घेणाऱ्यानेही विसार देण्यापूर्वी मंजुरीचा कागद मागितला पाहिजे. ‘होऊन जाईल’ या दोन शब्दांवर आयुष्याची कमाई लावणे हा या राज्यातील मध्यमवर्गाने केलेला सर्वांत महाग सौदा ठरत आहे.